पाणीकपात आणि लॉन : वाचकांचे प्रश्न

पाऊस ओढ देतो, पाणीकपात लागते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होऊन बसतो: लॉन पिवळे पडतेय, काय करू? बहुतेकांना अर्धे उत्तर हेच आहे की पिवळे पडू द्या. उरलेले अर्धे खाली दिले आहे. त्याआधी तुमच्याकडे लागू झालेला नियम एकदा शेवटपर्यंत वाचा. बंधन दिवसांवर आहे, वेळेवर आहे की साधनावर? हातात धरलेली नळी चालते का, की फक्त झारी? ठिबकला आणि झाडांना सूट आहे का? पुष्कळ ठिकाणी अशी सूट असते आणि ती वापरलीच जात नाही.

प्रश्न : आम्हाला आठवड्यातून दोनच दिवस, तेही सकाळी नऊच्या आत, लॉनला पाणी घालता येते. आजवर आम्ही रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे नळी धरत होतो. दोन दिवसांत गवत कसे जगेल?

उत्तर : रोजच्या पंधरा मिनिटांपेक्षा चांगले जगेल. हिशेब करून पाहा. 15 लिटरची बादली तुमच्या नळीने एका मिनिटात भरत असेल, तर पंधरा मिनिटांत 225 लिटर पाणी पडते. लॉन 100 चौरस मीटरचे असेल तर प्रत्येक चौरस मीटरला सव्वादोन लिटर, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. एवढ्याने पाती भिजतात, वरची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर माती ओली होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती ओल उडून जाते. मुळे ओलीच्या मागे जातात. ओल वरच मिळाली तर ती वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की गवत मान टाकते.

पूर्ण वाढीत असलेल्या लॉनला उन्हाळ्यात आठवड्याला ढोबळमानाने 25 मिलिमीटर पाणी लागते. कपातीत 20 मिलिमीटरवर भागते, रंग थोडा उतरतो इतकेच. दोन पाळ्यांत ते 10-10 मिलिमीटर द्या. 100 चौरस मीटरला प्रत्येक पाळीत 1000 लिटर, म्हणजे याच नळीने एक तास आणि वर सात मिनिटे. एवढा वेळ नळी धरून कोणी उभे राहत नाही, म्हणून हाताने पाणी घालणारा माणूस हमखास कमी पाणी घालतो. लॉनचे चार-पाच भाग पाडा, प्रत्येक भागाला घड्याळ लावून वेळ द्या आणि मगच नळी पुढे न्या. जमीन भारी, म्हणजे चिकणमातीची, असेल तर आठवड्याचे सगळे पाणी एकाच दिवशी, पण टप्प्याटप्प्याने दिलेले अधिक बरे. वाळूसर जमिनीत पाणी धरून राहत नाही, तिथे दोन पाळ्याच हव्यात.

पाणी कुठवर गेले ते तपासायला लांब स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी तो मातीत दाबा. ओल्या मातीत सहज जातो, कोरडी लागली की अडतो. 12 ते 15 सेंटिमीटर गेला की पाणी पुरले. 25 मिलिमीटर पाणी वाळूसर जमिनीत साधारण 30 सेंटिमीटर, पोयट्यात (वाळू आणि चिकणमाती मिसळलेल्या मध्यम जमिनीत) 18 आणि भारी चिकणमातीत जेमतेम 10 ते 12 सेंटिमीटर खोल उतरते.

वेळ पहाटेची उत्तम. वारा कमी असतो, बाष्पीभवन कमी असते आणि पाती सूर्य चढेपर्यंत वाळतात. संध्याकाळच्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहून बुरशी येते, हे खरे. पण तुमच्याकडे फक्त संध्याकाळचीच परवानगी असेल, तर बुरशीच्या भीतीने पाणी सोडू नका. आठवड्यातून एकदा-दोनदा भिजल्याने सहसा काही बिघडत नाही.

प्रश्न : स्प्रिंकलर लावले की दहा मिनिटांत पाणी फरशीवरून रस्त्यावर वाहायला लागते. त्यावरून तक्रारही झाली. पण लॉनचा एक कोपरा मात्र कोरडाच. टायमर वाढवू का?

उत्तर : टायमर आहे तिथेच ठेवा. तुमच्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि वेळ वाढवली तर दोन्ही वाढतील.

पहिली, वाहून जाण्याची. स्थिर नोझलचे पॉप-अप स्प्रिंकलर, म्हणजे पाणी सुरू झाले की जमिनीतून वर येणारे, तासाला 35 ते 40 मिलिमीटरच्या वेगाने पाणी टाकतात. चिकणमातीत तासाला पाचेक मिलिमीटरच मुरते. बाकीचे पाणी उताराला लागणारच. उपाय म्हणजे एकाच पाळीचे तुकडे करणे: आठ मिनिटे चालू, पाऊण तास बंद, परत आठ मिनिटे. वाहायला नक्की कधी सुरुवात होते ते एकदा उभे राहून पाहा आणि त्याच्या मिनिटभर आधी बंद होईल अशी वेळ लावा. टायमरवर याला वेगळी सोय नसेल, तर एकाच दिवसासाठी तीन-चार सुरुवातीच्या वेळा टाकल्या की झाले. तीन तुकडे आणि मधल्या दोन विश्रांती धरून सुमारे दोन तास जातात, म्हणून नऊला बंदी असेल तर साडेसहानंतर सुरू करू नका. एका भागाच्या विश्रांतीत दुसरा भाग चालू ठेवता येतो. फिरत्या धारांची नोझल बसवली तर वेग तासाला 10 मिलिमीटरच्या आसपास येतो. मूळ पॉप-अप तसाच राहतो, फक्त वरचे नोझल बदलायचे. मात्र एका व्हॉल्व्हवरची सगळी नोझल एकाच प्रकारची हवीत. निम्मी जुनी आणि निम्मी नवी ठेवलीत तर एक बाजू चिखल होते आणि दुसरी तहानलेली राहते.

दुसरी, कोरड्या कोपऱ्याची. सरळ बाजूंचे, एकाच मापाचे सात-आठ डबे लॉनभर ठेवा, त्यात तो कोपराही धरा. पंधरा मिनिटे स्प्रिंकलर चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. सगळीकडे 8 मिलिमीटर आणि कोपऱ्यात 3 आले, तर दोष पाण्याच्या वेळेत नाही, वाटपात आहे. त्या कोपऱ्याचे पॉप-अप आधी बघा. बहुधा ते तिरके झालेले असते, गवतात बुडालेले असते, किंवा नोझलखालची बारीक जाळी गाळाने भरलेली असते. जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. माती उकरून पॉप-अप सरळ करा आणि त्याचा माथा जमिनीच्या पातळीला आणा. एका स्प्रिंकलरची धार शेजारच्या स्प्रिंकलरपर्यंत पोचली पाहिजे. मधे तुटली तर तिथे डाग पडणारच. धारेऐवजी धुके उडत असेल तर दाब जास्त आहे. स्थिर नोझलला 2 बारच्या आसपास दाब पुरतो. त्याहून बराच जास्त असला तर पाणी वाऱ्यावर जाते.

प्रश्न : आमच्याकडे लॉनला पाणी घालायला पूर्ण बंदी झाली आहे. महिना होत आला. सगळे लॉन गवती पिवळे झाले आहे. मेले असेल का?

उत्तर : बहुधा नाही. पाण्याचा ताण बसला की गवत आधी निळसर-राखी दिसते, पाती लांबीत दुमडतात आणि चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहतात. त्यानंतर ते पाती सोडून देते आणि जीव बुडख्यात नेऊन ठेवते. बुडखा म्हणजे पाते जिथून फुटते तो जमिनीलगतचा जाडसर भाग. पाती गेली तरी चालतील, बुडखा सुकता कामा नये.

तपासणी अशी. मूठभर पिवळे गवत धरून ओढा. हाताला जोर लागला तर मुळे धरून आहेत. मग एक काडी मुळासकट खणून घ्या आणि बुडख्यावरची सुकी आवरणे नखाने सोला. आत पांढरट, टणक आणि जरासा ओलसर गाभा दिसला तर गवत जिवंत आहे. तपकिरी आणि बोटांत चुरा होणारा असेल तर ती काडी गेली. लॉनच्या सहा-सात ठिकाणी हे करा, कारण भिंतीलगत आणि फरशीच्या कडेला गवत आधी मरते.

ओढल्यावर गवत चटईसारखे गुंडाळत वर आले, तर त्याला दुष्काळ जबाबदार नाही. खाली पांढऱ्या, सी-आकारात वळलेल्या हुमणीच्या अळ्या आहेत का पाहा. त्यांनी मुळे खाल्लेली असतात आणि तिथे पाणी घालून उपयोग नसतो.

हरळी आणि झोयसियासारखी उष्ण हवामानातली गवते धावत्या खोडांतून पुन्हा फुटतात, म्हणून ती बराच काळ तग धरतात. थंड हवामानातल्या फेस्क्यू आणि रायग्रासचे तसे नाही. ती झुपक्याने वाढतात, मधले झुपके मेले की जागा मोकळीच राहते. त्यांच्याबाबतीत चार ते सहा आठवड्यांपुढे धोका धरा.

नियमात झारीने किंवा पुनर्वापराच्या पाण्याने घालायची मुभा असेल, तर तीन आठवड्यांतून एकदा 12 मिलिमीटर द्या, म्हणजे चौरस मीटरला 12 लिटर. एवढ्याने लॉन हिरवे होणार नाही आणि व्हायलाही नको, बुडखे मात्र जिवंत राहतील. सगळ्या लॉनला पुरेल इतके पाणी नसेल तर जो भाग राखायचा तो आजच ठरवा आणि बाकीचा सोडून द्या. सगळीकडे थोडे थोडे शिंपडणे सर्वांत वाईट. आणखी एक गोष्ट बरेच जण करतात: पाहुणे येणार म्हणून आठवडाभर कुठून तरी पाणी आणून लॉन हिरवे करायचे आणि पुन्हा सोडून द्यायचे. नवे पाते काढायला गवत साठवलेले अन्न खर्च करते. असे दोन-तीनदा झाले की बुडखा रिकामा होतो आणि शेवटी पाऊस आला तरी फुटत नाही. एकदा झोपू दिले की पाऊस येईपर्यंत झोपू द्या. त्यावर खुर्च्या, सायकली आणि खेळ नकोत. सुकलेला बुडखा पायाखाली मोडतो आणि मोडलेला भरून येत नाही.

प्रश्न : या दिवसांत गवत कापावे की वाढू द्यावे?

उत्तर : वाढत असेल तरच कापा आणि नेहमीपेक्षा उंच ठेवा. हरळी 3 सेंटिमीटरवर कापत असाल तर 5 वर न्या. फेस्क्यू 8 ते 10 सेंटिमीटरवर. उंच पाती मातीवर सावली धरतात आणि वरची वाढ जितकी राखाल तितकी मुळे खोल राहतात. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त उंची काढू नका. यंत्राचे पाते मात्र धारदार हवे. बोथट पात्याने गवत कापले न जाता फाटते, टोके पांढरी पडतात आणि त्या चिरफाळलेल्या टोकांतून पाणी जाते. कापलेले गवत तिथेच पडू द्या.

प्रश्न : युरिया दिला तर गवताला जोम येऊन ते तगेल का?

उत्तर : नाही, नत्र दिले की गवत पाती काढते आणि पाती पाणी मागतात. शिवाय कोरड्या मातीत खताचे क्षार मुळांतले पाणी ओढून घेतात आणि गवत करपते. तणनाशकही आत्ता नको. ताण बसलेले तण औषध नीट शोषून घेत नाही, गवताला मात्र इजा होते. तण खुरप्याने काढा.

प्रश्न : पाणी घालतो तेव्हा काही ठिकाणी ते थेंब होऊन वरच राहते आणि बाजूला ओघळते. खाली माती भुकटीसारखी कोरडी. बाकी लॉन ठीक आहे.

उत्तर : आधी तिथला गवताचा एक चौकोन सुरीने कापून उचला आणि कडेने पाहा. हिरवी पाती आणि माती यांच्या मधे सुक्या काड्यांचा तपकिरी थर दिसेल. तो 12 मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर पाणी त्याच्याखाली पोचतच नाही. थर पातळ असूनही माती कोरडी असेल, तर माती पाणी झटकणारी झाली आहे. पूर्ण सुकल्यावर सेंद्रिय पदार्थांचा मेणचट लेप मातीच्या कणांवर बसतो, वाळूसर जमिनीत विशेष.

दोन्हींत पहिला उपाय एकच. बागकामाचा काटा, म्हणजे चार दातांचा फोर्क, 10 सेंटिमीटर खोल रोवा, जरासा मागे-पुढे हलवा आणि काढा. दर 10 सेंटिमीटरवर एक अशी भोके पाडा. मग झारीने थोडे पाणी, अर्ध्या तासाने पुन्हा थोडे, असे तीन-चार वेळा द्या. एकदा आत ओल शिरली की पुढचे पाणी ती आपोआप ओढते. तरीही थेंब राहत असतील तर लॉनसाठी मिळणारे माती भिजवणारे द्रावण पाकिटावरच्या मात्रेत वापरा. भांड्यांचा साबण वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो आम्ही देणार नाही. त्यातले घटक मातीसाठी बनवलेले नसतात आणि मात्रा चुकली तर पाती भाजतात.

साठलेला थर दाताळ्याने ओरबाडून काढायचे आणि पोकळ दातांच्या यंत्राने मातीचे गट्टे काढायचे काम मात्र दुष्काळ सरेपर्यंत लांबणीवर टाका. त्या जखमा भरायला गवताला वाढ लागते आणि आत्ता तीच नाही.

प्रश्न : आंघोळीचे, वॉशिंग मशीनचे आणि आरओचे फेकले जाणारे पाणी लॉनला चालते का? एसीचे?

उत्तर : एसीचे पाणी बिनधास्त वापरा. ते हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आंघोळीचे पाणी चालते. मशीनच्या शेवटच्या खंगाळण्याचे पाणीही चालते. पहिल्या धुण्याचे पाणी टाळा. धुण्याच्या पावडरीत सोडियम भरपूर असते आणि ते पाणी अल्कधर्मी असते. सोडियम चिकणमातीचे कण सुटे करते, छिद्रे बुजतात आणि पुढे चांगले पाणीही मुरत नाही. बोरॅक्स किंवा ब्लीच असलेले पाणी, बाळाचे लंगोट धुतलेले पाणी आणि स्वयंपाकघरातल्या सिंकचे तेलकट पाणी नकोच. पावडरीऐवजी द्रव डिटर्जंट वापरलात तर सोडियम बरेच कमी होते.

हे पाणी साठवू नका. 24 तासांच्या आत त्याला वास येऊ लागतो आणि जंतू वाढतात. बादलीने किंवा नळीने थेट जमिनीवर सोडा, स्प्रिंकलरने उडवू नका. एका जागी एका वेळी चौरस मीटरला 5 लिटरपर्यंत द्या, पुढच्या वेळी जागा बदला. पाणी मुरेपर्यंत मुले आणि पाळीव जनावरे तिथे जाऊ देऊ नका. जमिनीवर पांढरी पापडी दिसली किंवा पात्यांची टोके जळाली तर थांबा आणि तो भाग पहिल्या पावसात किंवा स्वच्छ पाण्याने धुऊन निघू द्या. असे पाणी वापरण्याचेही काही ठिकाणी नियम असतात, ते पाहून घ्या.

आरओच्या फेकलेल्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम आहेत ते दाखवणारे यंत्र, लावा. 450 पर्यंत काही अडचण नाही. 450 ते 2000 च्या मधे एसीचे किंवा पावसाचे पाणी मिसळून, निचऱ्याच्या जमिनीत, आलटूनपालटून द्या. 2000 च्या वर असेल तर ते फरशी धुवायला ठेवा.

प्रश्न : लॉनमध्ये दोन मोठी झाडे आहेत. लॉनचे पाणी बंद केले तर झाडांचे काय?

उत्तर : हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरे तर तो पहिला यायला हवा. लॉन एका हंगामात पुन्हा लावता येते, पंचवीस वर्षांचे झाड नाही. लॉनच्या पाण्यावर वाढलेल्या झाडाची मुळे वर पसरलेली असतात. पाणी एकदम बंद झाले की ते दिसायला महिने ठीक दिसते आणि पुढच्या वर्षी शेंड्याकडून वाळू लागते.

उपलब्ध पाण्यातले पहिले पाणी झाडांना द्या. खोडाच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला सुमारे 40 लिटर हे माप धरा. 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला 320 लिटर, तीन-चार आठवड्यांतून एकदा. पाणी खोडाशी ओतू नका. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या वर्तुळाच्या आसपास, आत-बाहेर, सावकाश सोडा. 20 लिटरच्या बादलीच्या तळाला 3 मिलिमीटरची दोन भोके पाडून ती तिथे ठेवली की पाणी वाहून न जाता मुरते. ती रिकामी झाली की पुढे सरकवा. 30 सेंटिमीटर खोल ओल पोचली पाहिजे. खोडाभोवतीचे गवत काढून 5 ते 7 सेंटिमीटर जाड पालापाचोळ्याचे आच्छादन पसरा, खोडापासून चार बोटे लांब. गवत आणि झाड एकाच ओलीवर भांडत असतात, तेव्हा तिथले गवत गेले तर झाडाचा फायदाच.

प्रश्न : कपात जाहीर व्हायच्या दहा दिवस आधी नवे लॉन अंथरले आहे. काय करावे?

उत्तर : नव्या लॉनला किती दिवसांची सूट आहे ते लगेच विचारा, अनेक ठिकाणी ती असते. अंथरलेल्या गवताच्या पट्ट्यांची मुळे खालच्या मातीत शिरायला दोन आठवडे लागतात. पट्टीचा कोपरा हळूच उचलून पाहा. उचलला जात नसेल तर मुळे धरली. मग पाण्याच्या पाळ्या एकेक दिवसाने लांबवा. पट्टी अजून मातीपासून सुटी असेल आणि नियमातून सूटही मिळत नसेल, तर सगळे पाणी एका तुकड्यावर लावून तेवढे वाचवा. ज्यांनी अजून लॉन लावलेले नाही त्यांनी आत्ता लावूच नये.

प्रश्न : कपात उठली. आता भरपूर पाणी आणि खत देऊन लॉन लवकर हिरवे करता येईल का?

उत्तर : आधी पाणी. पहिल्या आठवड्यात 25 मिलिमीटर, दोन-तीन तुकड्यांत, म्हणजे तडकलेली माती बुजत बुजत भिजेल. मोठ्या भेगांमध्ये चाळलेले कंपोस्ट आणि माती भरा, नाहीतर पाणी थेट खाली निघून जाते. दहा ते चौदा दिवसांत जिवंत बुडख्यांतून हिरवे कोंब दिसतील. खत त्यानंतर, दोनदा गवत कापून झाल्यावर आणि नेहमीच्या निम्म्या मात्रेत.

तीन आठवड्यांनीही जिथे काही फुटले नाही, तिथले मेलेले गवत दाताळ्याने काढा. हरळीच्या लॉनमध्ये तळहाताएवढे डाग कडेच्या धावत्या खोडांनी आपोआप भरतात. मोठ्या जागेत चांगल्या भागातून काढलेले तुकडे 15 सेंटिमीटर अंतराने लावा. फेस्क्यूच्या लॉनमध्ये बी पेरावे लागते आणि त्यासाठी हवा थंड व्हायची वाट पाहा. आणि जो पट्टा दर दुष्काळात पहिला मरतो, भिंतीलगतचा, उताराचा किंवा फरशीच्या कडेचा, तिथे पुन्हा गवत लावू नका. खडी टाका किंवा कमी पाण्याची झुडपे लावा.